एका म्यानात दोन तलवारी

युगुलगीतांविषयी बोलायला बसले की आमच्या पिढीची एक तक्रार हमखास पुढे येते. पूर्वी गायक आणि गायिका एकाच मायक्रोफोनसमोर उभे राहून गात. मागे वादकांचा मोठा ताफा असे आणि कोणी एक चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. आता त्याच्या ओळी सोमवारी, तिच्या ओळी गुरुवारी, कदाचित दुसऱ्याच गावात, आणि मग यंत्रापाशी बसलेला माणूस दोघांची मोट बांधतो. ज्यांची कधी गाठच पडली नाही त्यांच्या गाण्यात जीव कुठून येणार?

तक्रार खोटी नाही. पण ती ऐकली की मला 1981 सालचे एक इंग्रजी गाणे आठवते आणि मी जरा थांबतो. 'अंडर प्रेशर' हे त्याचे नाव. फ्रेडी मर्क्युरी आणि डेव्हिड बोवी हे रॉक संगीतातले दोन राजे त्यात एकत्र गायले. एकत्र म्हणजे कसे, तर एकाने आत जाऊन गायचे आणि दुसऱ्याने ते ऐकायचे नाही, असे आधी ठरवून. पुढे ते गाणे सिद्ध होताना त्यांच्यात खटके उडाले. त्या गाण्याच्या चित्रफितीत दोघांपैकी एकही दिसत नाही. आणि रंगमंचावर, श्रोत्यांपुढे, हे गाणे दोघांनी मिळून एकदाही म्हटले नाही. तरीही गेल्या पन्नास वर्षांतल्या इंग्रजी युगुलगीतांतून एकच निवडा, असे कोणी मला सांगितले तर मी हेच निवडीन. असे का, ते सांगण्यासाठी हा लेख.

रॉक म्हटले की ज्यांना फक्त गोंगाट आठवतो त्यांच्यासाठी आधी दोघांची ओळख. फ्रेडी मर्क्युरीची ओळख तर मराठी वाचकाला अगदी घराजवळून करून देता येते. त्याचे मूळ नाव फारोख बलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946 चा, झांझिबारचा, घराणे पारशी. वडील तिथल्या इंग्रज सरकारच्या कचेरीत रोखपाल होते. 1955 साली, वयाच्या आठव्या वर्षी, आईवडिलांनी या मुलाला बोटीने मुंबईला आणि तिथून आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स या निवासी शाळेत धाडले. फारोखचा 'फ्रेडी' झाला तो इथे. पियानो तो शिकला इथे आणि 1958 मध्ये पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचे वाद्यवृंद काढले तेही इथेच. गंमत अशी की त्या वृंदात मुख्य गायक दुसराच मुलगा होता, फ्रेडी पियानोवर. रेडिओवर एखादे गाणे एकदा ऐकले की लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, असे त्याच्या शाळासोबत्यांनी पुढे अनेकांना सांगितले आहे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तो झांझिबारला परतला. 1964 मध्ये तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब चंबुगबाळे आवरून लंडनच्या कडेला, फेल्टमला, राहायला आले. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात आरेखनाचे शिक्षण घेतले, केन्सिंग्टनच्या बाजारात मित्राबरोबर कपड्यांचा गाळा चालवला आणि 1970 मध्ये 'क्वीन' हे वृंद उभे राहिले. नाव त्याने सुचवलेले, बोधचिन्हही त्यानेच रेखाटलेले. पाचगणीविषयी मुलाखतींतून तो फारसे बोलत नसे. घर सोडून आठव्या वर्षी आलेल्या मुलाच्या मनात त्या डोंगरावरच्या दिवसांचे काय उरले होते, याचा अंदाज आपण फार करू नये हे बरे.

डेव्हिड बोवी त्याच्याहून चार महिन्यांनी धाकटा. जन्म 8 जानेवारी 1947, लंडनच्या ब्रिक्स्टन भागातला. त्याचेही नाव मूळचे नव्हे. घरचे नाव डेव्हिड जोन्स. त्याच नावाचा दुसरा एक गायक गाजू लागल्यामुळे याने आडनाव बदलले. स्वभावाने दोघे दोन टोकांचे. फ्रेडी श्रोत्यांना मिठीत घेणारा. 1981 च्या मार्चमध्ये ब्राझीलच्या साव पावलोमध्ये सव्वा लाखाहून अधिक माणसे क्वीनपुढे उभी होती आणि त्या सगळ्यांकडून तो गाऊन घेई. बोवी श्रोत्यांपासून चार हात दूर. दर दोन-तीन वर्षांनी नवा वेष, नवे पात्र, नवी चाल. 1980 मध्ये तर त्याने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द एलिफंट मॅन' या नाटकात गंभीर भूमिका केली होती. फ्रेडीचा आवाज वर चढताना खुलतो, बोवीचा खाली उतरताना. एक गातो तेव्हा ऊन पडल्यासारखे वाटते आणि दुसरा गातो तेव्हा संध्याकाळ झाल्यासारखे. ही माझी उपमा झाली, कोणाला पटेल कोणाला नाही.

या दोघांची गाठ पडली ती स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराच्या काठावरच्या मॉन्त्रो या टुमदार गावी. तिथल्या कॅसिनोच्या इमारतीत 'माउंटन स्टुडिओ' होता आणि 1979 मध्ये क्वीनने तो विकत घेतला होता. 1981 च्या उन्हाळ्यात क्वीनचे चौघे, म्हणजे फ्रेडी, गिटारवादक ब्रायन मे, ड्रमवादक रॉजर टेलर आणि बास गिटार वाजवणारा जॉन डीकन, तिथे नव्या तबकडीच्या कामाला लागले होते. बोवी त्या काळी स्वित्झर्लंडमध्येच राहत होता आणि एका चित्रपटाच्या गाण्यासाठी त्याच स्टुडिओत त्याचे येणे झाले होते. शेजारच्या घरी डोकवावे तसा तो क्वीनच्या कामात डोकावला. त्यांच्या एका गाण्यात त्याने मागचे सूर धरावेत असे ठरले. धरले. ते त्याला स्वतःलाच आवडले नाही आणि पुढे त्याने ते काढून टाकायला लावले. म्हणजे ज्या कामासाठी बोलावले ते फुकट गेले, आणि कोणी ठरवले नव्हते ते हाती लागले.

ते कसे लागले याच्या हकिगती जितकी माणसे तितक्या आहेत. आधी सगळ्यांनी मिळून इतरांची जुनी गाणी वाजवली, मौजेखातर. मग दुसऱ्यांची कशाला, आपलेच एक रचू, अशी टूम निघाली. रॉजर टेलरचे एक अर्धवट गाणे होते, त्याचे काही तुकडे कामी आले. डीकनने बास गिटारवर एक छोटीशी सुरावट धरली होती. मग सगळे जेवायला गेले, पिझ्झा खाल्ला, परत आले, तर डीकन ती सुरावट साफ विसरलेला! ती कोणाला आठवली? कोणी म्हणतो टेलरला, कोणी म्हणतो बोवीने डीकनला थांबवून दुरुस्त केले, आणि डीकन स्वतः तर एकदा तिचे श्रेय बोवीलाच देऊन मोकळा झाला. जगातली एक सर्वांत ओळखीची बास सुरावट, आणि बाप कोण याचा पत्ता नाही. गाण्यावर नाव मात्र पाचही जणांचे लागले.

ही सुरावट म्हणजे तरी काय? दोन सूर. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पांढरी दोनचा षड्ज आणि त्याच्या खालचा पंचम. षड्ज पुन्हा पुन्हा टोचत राहतो आणि एकदा खाली पंचमावर पडतो, पुन्हा षड्ज. शास्त्रीय गाणे शिकलेल्या माझ्या एका मित्राला मी एका संध्याकाळी हे गाणे ऐकवले. पहिल्या काही सेकंदांतच तो म्हणाला, "अरे, हा तर तानपुरा!" त्याचे म्हणणे शब्दशः घेऊ नये, पण त्यात मर्म आहे. वर काय वाटेल ते होवो, खाली षड्ज-पंचम हलत नाहीत. म्हणूनच वरच्या दोघांना इतके भटकता येते. त्या सुरांबरोबर चुटक्या आणि टाळ्या येतात. पियानो येतो, गिटार येते. पण घर उभे आहे ते या दोन खांबांवर.

आता गायनाकडे. शब्द तयार नव्हते, चाल तयार नव्हती, फक्त वाद्यांचा साचा तयार होता. तेव्हा बोवीने ती युक्ती काढली. प्रत्येकाने आळीपाळीने आतल्या खोलीत जायचे, वाद्ये ऐकायची आणि या साच्यावर चाल कशी असावी असे वाटते ते सुचेल तसे गायचे. आधीच्याने काय गायले ते ऐकायचे नाही. मग बाहेर सगळे बसून त्यातले चांगले तुकडे निवडायचे आणि सांधायचे. फ्रेडी आत गेला आणि त्याने शब्दांची वाटच पाहिली नाही. नुसत्या निरर्थक अक्षरांवर तो बागडला. पुढे शब्द आले तरी त्या बागडण्यातला पुष्कळ भाग तसाच ठेवण्यात आला. आपल्या तराण्याला जसा अर्थ विचारायचा नसतो तसाच त्यालाही विचारू नये.

आमच्या पिढीच्या तक्रारीचा प्रश्न इथे उभा राहतो. दोघे वेगवेगळे गायले, एकमेकांचे न ऐकता गायले, आणि तुकडे नंतर जोडले गेले. आजच्या ध्वनिमुद्रणात होते तेच ना? मला वाटते, नाही. आज ज्याचा राग येतो ते वेगळे गाणे सोयीसाठी असते. दुसरा कोण आहे याने पहिल्याला काही फरक पडत नाही. नाव बदलले तरी पहिल्याचा सूर तोच राहील. मॉन्त्रोत मात्र दोघांनाही पक्के ठाऊक होते की भिंतीपलीकडे कोण उभा आहे. फ्रेडी आत असताना बोवी बाहेर होता, बोवी आत असताना फ्रेडी. समोरचा काय करील हे ठाऊक नाही, पण तो आपल्याहून कमी नाही हे ठाऊक आहे; अशा वेळी माणूस जे गातो ते एरवी गात नाही. ज्यांनी पहिलवानांची कुस्ती पाहिली आहे त्यांना कळेल. खडाखडी सुरू होण्यापूर्वी मल्ल समोरच्याकडे न पाहता मांडी ठोकतो, तेव्हा तो त्याला विसरलेला नसतो.

आपल्याकडे साठीच्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात मानधनाच्या हक्कावरून बिनसले आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे बंद केले. त्या काळात रफींबरोबरची अनेक सुंदर युगुलगीते सुमन कल्याणपूर यांच्या वाट्याला आली, हा आपला लाभच म्हणायचा. आपल्याकडे भांडण झाले तेव्हा गाणे थांबले. मॉन्त्रोत भांडणासह गाणे झाले. एक बरे आणि दुसरे वाईट असे मी म्हणत नाही. लतादीदींचे भांडण तत्त्वाचे होते, इथले भांडण तत्त्वाचे नव्हते. ते चवीचे होते.

'कट्यार काळजात घुसली' ज्यांनी पाहिले आहे त्यांना दोन गायकींचा सामना नवा नाही. पण तिथे नाटककार आहे; कोणाची कट्यार कोणाच्या काळजात हे तो ठरवतो. मॉन्त्रोत असा कोणी नव्हता. क्वीनचे चौघे आपापल्या जागी हेकट, आणि बोवी एकटा त्या चौघांना पुरून उरणारा, अशा अर्थाचे ब्रायन मेने पुढे गमतीने सांगितले आहे. हळूहळू शब्दांचा ताबा बोवीने घेतला, हेही त्याचेच म्हणणे. काही आठवड्यांनी न्यूयॉर्कमध्ये सगळे आवाज एकत्र मिसळण्याचे अखेरचे काम झाले. कोणाचा आवाज किती वर ठेवायचा, गिटार किती मागे न्यायची हे सगळे तिथे ठरते, आणि म्हणून खरी मारामारी तिथेच होते. फ्रेडी आणि बोवी तिथे जुंपले. मे त्यातून अंग काढून घेऊन बाजूला झाला, आणि ती मिसळण त्याला पुढे कधीच मनापासून आवडली नाही. त्याच्या गिटारला त्यात जेमतेम जागा उरली, त्यामुळे त्याची नाराजी समजू शकते. श्रोता म्हणून मला मात्र ती मिसळण आहे तशीच हवी आहे. गिटार पुढे असती तर ते क्वीनचे आणखी एक गाणे झाले असते, आणि क्वीनची गाणी पुष्कळ आहेत.

गाणे आहे कशाविषयी? नावातच आहे: दडपण. माणसावर येणारे, घर मोडणारे, माणसाला रस्त्यावर आणणारे. आधी त्याचे कामचलाऊ नावही रस्त्यावरच्या माणसांवरूनच ठेवले होते. ते ज्या देशातल्या श्रोत्यांसाठी झाले त्या ब्रिटनची 1981 मधली स्थिती आठवा. मार्गारेट थॅचर पंतप्रधान, कारखाने बंद पडत चाललेले, बेकारांची संख्या तीस लाखांकडे निघालेली. एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटले, तेच बोवीचे जन्मगाव; जुलैमध्ये लिव्हरपूलचा टॉक्स्टेथ भाग पेटला. त्याच जुलैच्या 29 तारखेला राजपुत्र चार्ल्स आणि डायना यांचा विवाह झाला आणि तो सोहळा साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिला. स्विस सरोवराकाठी सुखात बसलेल्या पाच श्रीमंत तरुणांना या सगळ्याची किती झळ लागत होती, अशी शंका कोणी घेईल. घ्यावी. पण दडपण ज्यांच्यावर सर्वांत जास्त असते त्यांनीच त्याविषयी बोलायचे असा नियम केला तर जगातली निम्मी गाणी बाद होतील.

आता दोघे ते कसे गातात ते पाहा, कारण लेखाचा मुद्दा तिथे आहे. सुरुवातीला एकजण दडपणाचे वर्णन करतो, दुसरा त्यावर अक्षरांचा शिडकावा करतो. बोवी घटना सांगणाऱ्या माणसासारखा सपाट, आवंढा गिळून बोलल्यासारखा. फ्रेडीला सपाट गाता येतच नाही. तो लगेच उंच जातो. मध्ये एक जागा येते, तिथे सगळे गळून पडते. चुटक्या, पियानोचे थेंब, अगदी हळू आवाज. तिथून गाणे पुन्हा चढू लागते आणि फ्रेडी अशा एका टिपेवर जाऊन उभा राहतो की आता पुढे काही म्हणायला जागा उरली नाही असे वाटते. त्याने तिथे एक प्रश्न टाकलेला असतो: माणसांनी एकमेकांवर प्रेम करायला पुन्हा एकदा संधी का देऊ नये? प्रश्न भाबडा आहे. कुठल्याही शुभेच्छापत्रावर शोभेल असा. आणि उत्तर द्यायला येतो बोवी, ज्याचा भाबडेपणाशी कधी संबंध नव्हता तो. तो खालून सुरू करतो, प्रेम या जुन्यापुराण्या शब्दाची जवळजवळ माफी मागत, आणि मग एकेक पायरी चढत तोच शब्द पूर्ण ताकदीने म्हणतो.

फ्रेडीने तेच म्हटले असते तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या, कारण तो नेहमीच सगळे मनापासून म्हणतो. बोवी म्हणतो तेव्हा विश्वास बसतो, कारण तो म्हणेल असे वाटत नव्हते. आणि बोवीने एकट्याने पूर्ण गाणे म्हटले असते तर ते टिपेला पोहोचलेच नसते. म्हणजे एकाचा जो दोष तो दुसऱ्याने भरून काढला, आणि दोघांनीही आपला स्वभाव रतिभर सोडला नाही. युगुलगीतात एकजीव होण्याची जी मोठी स्तुती आपण करतो ती मला इथे लागू करता येत नाही. एकजीव झाले असते तर हे गाणे पडले असते.

26 ऑक्टोबर 1981 ला ते ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. क्वीनचे हे तिथले दुसरेच पहिल्या क्रमांकाचे गाणे. आधीचे 1975 चे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. अमेरिकेत मात्र ते 29 व्या क्रमांकापलीकडे गेले नाही. चित्रफीत करायची वेळ आली तेव्हा दोघांना एकत्र आणणे जमले नाही. तेव्हा दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट याने जुनी चित्रे जोडून काम भागवले: कोंडलेली रहदारी, ठासून भरलेल्या गाड्या, सुरुंग लावून पाडलेल्या इमारती, आणि मूकपटांतले तुकडे, त्यात आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' आणि मुर्नाऊचा 'नोसफेराटू'. गायकांचे चेहरे नाहीत हे त्या चित्रफितीचे भाग्यच ठरले. चेहरे असते तर आपण केशभूषा पाहत बसलो असतो.

या गाण्याच्या दोन सुरांनी नंतर न्यायालयाच्या दारापर्यंतही मजल मारली. 1990 मध्ये व्हॅनिला आइस या अमेरिकी रॅप गायकाचे 'आइस आइस बेबी' जगभर वाजले आणि ती बास सुरावट कुठून आली हे ऐकणाऱ्या कोणालाही कळत होते. आपल्या सुरावटीत एक ठोका जादा आहे, असा त्याने खुलासा केला. मुलाखतीत तो फरक त्याने गुणगुणूनही दाखवला! शेवटी पैसे देऊन प्रकरण मिटवावे लागले आणि मूळ रचनाकारांची नावे लागली.

पण दोघांनी ते एकत्र कधी म्हटले नाही, हे मला राहून राहून खटकते. क्वीन ते 1981 पासूनच्या दौऱ्यांत म्हणत असे, तिथे बोवीच्या ओळी इतरांच्या वाट्याला जात. बोवी तर फ्रेडीच्या हयातीत ते रंगमंचावर म्हणालाच नाही. संधी नव्हती असे नाही. 13 जुलै 1985 ला इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' झाले तेव्हा लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर क्वीननंतरचा कार्यक्रम बोवीचाच होता. क्वीनची ती वीस-एकवीस मिनिटे आता दंतकथा झाली आहेत. बोवीने आपल्या वेळातले एक गाणे सोडून दिले, कारण त्या मिनिटांत दुष्काळाची चित्रफीत दाखवावी असे त्याला वाटले. मैदान एक, दिवस एक, दोघांच्या मध्ये पाऊण तासही नाही. आणि गाणे झाले नाही. का झाले नाही याची कारणे व्यवहाराची असतील, वेळापत्रकाची असतील. मला त्यात रुसवा शोधायचा नाही.

फ्रेडीला एड्सची लागण झाल्याचे 1987 मध्ये निदान झाले होते. चार वर्षे त्याने ते जवळच्या मोजक्या माणसांपुरतेच ठेवले. त्या काळात या रोगाचे नाव घेतले की माणसे शेजारून उठून जात. आपल्याकडेही वेगळे नव्हते. 23 नोव्हेंबर 1991 ला त्याने निवेदन काढले आणि दुसऱ्याच दिवशी, 24 तारखेला, लंडनच्या राहत्या घरी तो गेला. वय 45. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. दडपणाविषयीचे गाणे म्हणणाऱ्या माणसावर अखेरची वर्षे कोणते दडपण होते ते तेव्हा लोकांना कळले.

20 एप्रिल 1992 ला त्याच वेम्ब्लीवर त्याच्या स्मरणार्थ आणि एड्सविषयी जागृतीसाठी मोठा कार्यक्रम झाला. क्वीनचे उरलेले तिघे वादक आणि गायला एकेक पाहुणा. 'अंडर प्रेशर'ची पाळी आली तेव्हा फिकट हिरव्या पोशाखातला बोवी आला आणि फ्रेडीच्या जागी आली ॲनी लेनॉक्स, डोळ्यांभोवती काळा रंग माखलेली. अकरा वर्षांपूर्वी बंद खोलीत जे गायले ते बोवीने इथे पहिल्यांदा लोकांसमोर गायले. लेनॉक्सने फ्रेडीची नक्कल केली नाही, हे तिचे मोठेपण. आपल्या परीने ती त्या टिपेवर गेली, आणि शेवटच्या ओळींना दोघे एकमेकांच्या इतके जवळ आले की मागे डीकन वाजवत असलेले ते दोन सूर तेवढे ऐकू येत राहावेत असे वाटले. पुढे आपल्या वाट्याची इतर गाणी झाल्यावर बोवीने अनपेक्षितपणे गुडघे टेकले आणि हजारो लोकांसमोर ख्रिस्ती प्रार्थना म्हटली. काहींना तो नाटकीपणा वाटला. मला नाही वाटला. तो माणूस आयुष्यभर नाटक करत आला होता, त्या एका मिनिटात त्याला काय करावे ते सुचत नव्हते असे दिसत होते.

आता इंटरनेटमुळे एक नवी सोय झाली आहे. वाद्ये काढून टाकलेले, नुसत्या आवाजांचे 'अंडर प्रेशर' कोणालाही ऐकता येते. मी ते रात्री दिवे मालवून ऐकतो. श्वास ऐकू येतात, एकाचे वाक्य संपण्याआधीच दुसऱ्याने घाई केलेली कळते. स्कॉटिश दिग्दर्शिका शार्लट वेल्स हिने 2022 च्या 'आफ्टरसन' या चित्रपटात वाद्ये हळूहळू गळून जातील आणि दोघांचे आवाज तेवढे उघडे पडतील असे हे गाणे वापरले आहे. बाप आणि लेक यांच्या अखेरच्या नाचाचा तो प्रसंग आहे. ज्यांच्या घरात कळत्या वयाची मुले आहेत त्यांनी तो त्यांच्यासोबत बसून पाहावा.

1995 पासूनच्या दौऱ्यांत बोवीने हे गाणे आपल्या कार्यक्रमात घेतले. फ्रेडीच्या ओळी म्हणायला त्याने कोणा प्रसिद्ध गायकाला बोलावले नाही. त्याच्या वृंदात गेल ॲन डॉर्सी ही बास गिटार वाजवणारी कलावती होती; त्याने तिला सांगितले, तू म्हण. वाजवणे आणि गाणे यांची लय इथे वेगवेगळी चालते, त्यामुळे ते दोन सूर बोटांनी अखंड वाजवत ठेवायचे आणि गळ्याने फ्रेडीच्या त्या टिपेवर जायचे, हे महाकठीण काम. तिने ते वर्षानुवर्षे केले. 2003 च्या डब्लिनमधल्या कार्यक्रमाचे चित्रण उपलब्ध आहे. त्यात ती वर चढते तेव्हा बोवी स्वतः गायचा थांबलेला असतो, आणि तिच्याकडे पाहत उभा राहतो.